लाल आकडा त्रेसष्ट

"अख्ख्या औरंगाबादेत माझ्याइतका अपटुडेट माणूस सापडायचा नाय," असं मधुसूदनराव छाती फुगवून सांगायचे, आणि त्याच दमात शेजारच्याला विचारायचे, "आज वार कोणता हो?"

(तेव्हा शहर औरंगाबादच होतं. त्याचं नाव पुढं बदललं. मधुसूदनराव होते तिथंच आहेत.)

घराणं भिक्षुकांचं. वडील लोकांच्या घरी जाऊन पूजा सांगायचे. मधुसूदनरावांनी सातवीतच शाळेला रामराम ठोकला आणि लोकांच्या घरी पाणी पोचवायला लागले. चार टँकर, देवळाईच्या रस्त्यावर एक पत्र्याची खोली आणि खोलीत एक टेबल, एवढा पसारा. पण त्या दुष्काळी सालांत धंद्यानं असा जोर धरला की विचारू नका. एकीकडं जायकवाडीनं तळ दाखवला, दुसरीकडं शहर बीड बायपास ओलांडून माळावर पसरत सुटलं. रोज एक नवी कॉलनी उगवायची. तिला कमान असायची, कमानीवर 'निर्झर', 'हिरवळ', 'गंगासागर' असलं ओलंचिंब नाव असायचं. नळ तेवढा नसायचा.

या कॉलन्यांत घरांना नंबर नव्हते. मग टँकरवाल्यानं घर ओळखावं कसं? मधुसूदनरावांनी त्यावर इलाज काढला. मूळचा स्वभाव खोडकर, साठी आली तरी शेंडी ओढायची सवय गेली नव्हती. गिऱ्हाइकाचं नुसतं खरं नाव ते वहीत लिहायचेच नाहीत. 'रडका डॉक्टर.' 'दोन दारांची चंपाबाई, तिसऱ्या दारातून भांडते.' 'पिवळा बंगला, माणूस चेंगट.' ड्रायव्हर रामकिसन वही वाचून खो खो हसायचा, पण पत्ता म्हणून एकदाही चुकला नाही.

सगळं सुखात चाललं होतं. तेवढ्यात वहाबनं फोन दाखवला.

वहाब म्हणजे मधुसूदनरावांचा शाळेपासूनचा दोस्त. शहागंजात ड्रम-पाइपांचं दुकान, आणि टँकर तीन. म्हणजे मधुसूदनरावांपेक्षा एक कमी, म्हणून तर दोस्ती टिकली होती. दोघं रोज चार वाजता घंटाघराजवळ चहा प्यायचे. त्या दिवशी वहाबनं कपबशी बाजूला सारली आणि फोन पुढं केला. पडद्यावर शहराचा नकाशा होता आणि त्यावर मुंगीएवढा हिरवा टँकर सरकत होता.

"ये देखो मधुभाई. माझा पुतण्या अल्तमश टँकर घेऊन आत्ता छावणीच्या पुलावर आहे."

"कशावरून?"

"क्लाउड सॉफ्टवेअर लिया ना. टँकरसोबती नाव आहे. ऑर्डर, पत्ते, गाड्या, सगळं त्यात. आता तिथल्या आमच्या गिऱ्हाईक केसरबाईंना त्यांच्या नावानं मेसेज जाईल, की पाणी निघालं म्हणून."

मधुसूदनरावांच्या पोटात एकदम कळ आली. आधी वाटलं भजी बाधली. मग लक्षात आलं की भजी अजून यायचीच आहेत.

"त्यात काय," ते म्हणाले, "आमचा रामकिसन कुठं असतो ते मला फोनबिगर कळतं. तो जिथं नसायला पाहिजे तिथं असतो."

वहाब हसला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मधुसूदनरावांनी त्याच सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला. वहाबनं साधा प्लॅन घेतला होता, म्हणून यांनी सोनेरी घेतला. सोनेरीत जास्त काय मिळतं हे विचारलं नाही. वहाबला नाही एवढं मिळालं, बास.

कंपनीच्या हेल्पलाइनवर हिमानी नावाची बाई होती. आवाज गोड, सहनशक्ती दांडगी. तिनं शांतपणे सांगितलं, "काका, ग्राहकांची यादी भरताना नावं अचूक टाका हं. वहीत आहेत तशीच."

मधुसूदनरावांनी शब्द पाळला. वहीत होती तशीच टाकली. दोनशे चौदा नावं, एका बोटानं, नऊ दिवस.

त्यानंतर सुरू झाला खरा छळ. ते सॉफ्टवेअर दर मंगळवारी कात टाकायचं. सोमवारी उजवीकडं असलेलं बटण मंगळवारी डावीकडं, बुधवारी त्याचा रंग निळा, आणि गुरुवारी 'आता हे बटण लागणार नाही, शुभेच्छा' अशी पाटी. मधुसूदनराव मेटाकुटीला आले. पण वहाब चहा पिता पिता सहज म्हणायचा, "नवीन व्हर्जन आया है, देखा क्या?" की यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. काय आलंय ते न वाचता ते 'चालू करा'वर बोट दाबायचे. वहाबच्या आधी दाबलं म्हणजे झालं.

एका बाबतीत मात्र त्यांनी वहाबला पार मागं टाकलं होतं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक घंटी होती आणि तिच्यावर लाल आकडा.

"माझा आकडा एकोणचाळीस," मधुसूदनरावांनी चहाच्या टेबलावर फोन आपटला. "तुझा किती?"

वहाबनं चष्मा वर केला. "माझा दोन. तोपण शामपर्यंत मिटवून टाकतो मी."

"मिटवतो? मिळालेला मान मिटवतो? येडा का खुळा तू!"

"अरे मधुभाई, वो आकडा म्हणजे..."

"राहू दे, राहू दे. जळू नको. वाढेल तुझाबी हळूहळू."

वहाबनं एक नजर त्यांच्याकडं टाकली, तोंड उघडलं, मिटलं, आणि त्यात बिस्कीट घातलं. पुढं आकडा पंचेचाळीस झाला, बावन्न झाला. मधुसूदनराव तो पानवाल्याला दाखवायचे, न्हाव्याला दाखवायचे, एकदा तर सांत्वनाला गेले होते तिथंही दाखवला. हिमानीनं एकदा फोन करून सांगितलं, "काका, ती घंटी उघडून बघा ना." तिलाही हेवा वाटतोय, असं त्यांनी यमुनाबाईंना डोळा मारून सांगितलं.

यमुनाबाई म्हणजे मधुसूदनरावांची बायको. माहेर छावणीचं, आवाज खणखणीत. चार टँकरांच्या मालकाच्या घरात पाण्याची बोंब होती, कारण गिऱ्हाइकं आधी, घर मागनं.

"अहो, चार दिवस झाले, ड्रममध्ये लोटाभर पाणी उरलंय," त्या एकदा म्हणाल्या.

मधुसूदनरावांना शिस्तीचा झटका आला. "हे बघ, आता तोंडी कामं बंद. तुझाबी नंबर मी यादीत टाकलाय. घरचं असो का बाहेरचं, जे काय सांगायचं ते सिस्टीममधून यायचं."

"सिस्टीममधून?"

"व्हय. फोनवर टाक. मला दिसतं सगळं."

यमुनाबाईंनी मान डोलावली आणि फोन हातात घेतला. आणि काय आश्चर्य! त्या दिवसापासून घरात पाण्यावरून एक शब्द नाही. पंधरा दिवसांत तर अंगणातले दोन्ही निळे ड्रम रोज काठोकाठ भरलेले दिसायला लागले. मधुसूदनराव सकाळी दहाला बाहेर पडायचे तेव्हा ड्रम रिकामे असायचे, दुपारी जेवायला यायचे तेव्हा भरलेले.

"बघितलं?" ते भाताचं आळं करत म्हणाले. "सांगावं लागतं का आता? मशीनला कळतं, मालकाचं घर कोणतं ते."

"हो ना," यमुनाबाई म्हणाल्या, आणि आमटी वाढली.

तर अशा भरल्या ड्रमांच्या दिवसांत हिरवळ कॉलनीचं काम निघालं. ऐंशी घरं, वर्षभराचा करार, रोज सहा फेऱ्या. आजवर दोघांचेही टँकर तिथं सुटे जायचे. कॉलनीचे अध्यक्ष नानासाहेब निवृत्त अधिकारी, माणूस कडक. टँकर आला की स्वतः वर चढून, बांबूची काठी आत बुडवून, पाणी कुठवर लागलं ते बघायचे. काम एकालाच मिळणार होतं, मधुसूदनरावांना नाहीतर वहाबला. मधुसूदनरावांची झोप उडाली. काम नसतं मिळालं तर एखादवेळ चाललं असतं हो. वहाबला मिळालं तर रोज चार वाजता त्याच्यासमोर बसून चहा कसा गिळायचा?

त्यांनी नानासाहेबांना घरीच पोह्यांना बोलावलं. वार मंगळवार (हे यमुनाबाईंनी सांगितलं). सकाळी अकराची वेळ. नानासाहेब आले, काठी कोपऱ्यात टेकवली, कराराचा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वहाबभाईंचं एक मला आवडलं. आमच्या घरी त्यांचा टँकर निघाला की नावानिशी मेसेज येतो. माणसाला आदर वाटतो."

झालं. पोह्यांतली मिरची खाल्ल्यासारखं मधुसूदनरावांचं तोंड झालं.

"अहो, त्यात काय एवढं!" त्यांनी फोन काढला. "आमचं सोनेरी आहे, सोनेरी! एकेकाला मेसेज लावत मी कधी बसलो नाय. हे बघा, आजच नवीन आलंय." पडद्यावर खरंच पाटी होती: 'आता सर्व ग्राहकांना एकदम त्यांच्या नावाने अभिवादन करा. चालू करण्यापूर्वी यादी तपासून घ्यावी.' खाली दोन बटणं होती, 'यादी तपासा' आणि 'सर्वांना पाठवा'.

आता मला सांगा, वहाबचं कौतुक ताजं ताजं कानात असताना कोणता मर्द यादी तपासत बसेल?

मधुसूदनरावांनी 'सर्वांना पाठवा' दाबलं.

नानासाहेबांच्या खिशात टिंग झालं. ते खूश झाले, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागले, "नमस्कार, काठीबुडवे नानासाहेब मिशी रंगवतो..."

ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग उरलेलंही वाचलं, कारण अर्धवट काम सोडायची त्यांना सवय नव्हती. "...आपले पाणी लवकरच निघेल. आपल्यासारख्या सन्माननीय ग्राहकाचा आम्हाला अभिमान आहे."

नानासाहेबांचा हात आपसूक मिशीवर गेला आणि बोटाला लागलेला काळा रंग त्यांनी हळूच धोतराला पुसला.

"ते... ते मशीन चुकतं कधीकधी," मधुसूदनराव म्हणाले.

"मशीनला माझी मिशी कशी माहीत?"

टेबलावरचा फोन वाजायला लागला. पहिला फोन डॉक्टरांचा. "रडका कोण? मी रडका?" असं विचारता विचारता ते मुसमुसायला लागले. दुसरा चंपाबाईंचा. त्यांचं काय म्हणणं होतं ते ऐकायला फोन कानाला लावायची गरज पडली नाही, तिसऱ्या दारातून बोलाव्यात तशा त्या बोलत होत्या. मधुसूदनरावांनी फोन उशीखाली कोंबला. उशी थरथरत राहिली.

तेवढ्यात स्वयंपाकघरात टिंग झालं.

वहीतल्या दोनशे चौदा नावांच्या मागनं एक नाव मधुसूदनरावांनी खास रंगात येऊन टाकलं होतं, आणि ते आत्ता आठवलं.

यमुनाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, "नमस्कार, छावणीची तोफ."

"अगं, ते लाडानं..."

"सन्माननीय ग्राहक म्हणे." त्यांनी फोन कमरेला खोचला. "नानासाहेब, आणखी पोहे?"

नानासाहेब उठलेच होते. तरी मधुसूदनरावांनी हात जोडले. "साहेब, नावांचं जाऊ द्या. पाणी बघा, पाणी! हे आमच्या अंगणातले ड्रम बघा. ऐन दुष्काळात रोज काठोकाठ, वेळेवर, न सांगता! मी माझ्या घरच्यांना देतो तेच पाणी तुम्हाला देईन."

नानासाहेब काठी घेऊन अंगणात आले. ड्रममध्ये काठी घातली. ठक् करून तळाला लागली.

"येतंच आहे, येतंच आहे," मधुसूदनराव घाईनं म्हणाले, आणि खरंच फाटकाबाहेर भोंगा वाजला. त्यांचा चेहरा खुलला. "बघा! नाव घेतलं आणि आलं!"

फाटकातून टँकर आत आला. टँकर हिरवा होता.

मधुसूदनरावांचे चारही टँकर पिवळे.

वहाबचा पुतण्या अल्तमश खाली उतरला, पाइप सोडवत म्हणाला, "आदाब चाची. आज पाच मिनिट लेट झालं, माफ करा. मेसेज आला होता ना?"

"आला की रे. 'आदरणीय यमुनाभाभी' म्हणून," यमुनाबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याकडं बघितलंही नाही.

नानासाहेबांनी हिरव्या टँकरकडं बघितलं, रिकाम्या ड्रमकडं बघितलं, मग मधुसूदनरावांकडं. कराराचा कागद त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवला. "मधुसूदनराव, सल्ला आवडला तुमचा. तुमच्या घरी येतं तेच पाणी मी घेईन." मग टँकरवर चढून, सवयीनं काठी बुडवून, ते अल्तमशशेजारी केबिनमध्ये जाऊन बसले. "चल रे, शहागंजात सोड मला. वहाबभाईंकडं."

ड्रम भरले, टँकर गेला. घरातली उशी अजून थरथरत होती. मधुसूदनराव अंगणातल्या दगडावर मटकन बसले.

"किती दिवसांपासून चाललंय हे?"

"दोन महिने झाले."

"आणि त्या वहाबनं मला एका शब्दानं सांगितलं नाय!"

"मीच म्हटलं भाईजींना, नका सांगू. त्यांना वाईट वाटेल."

हे ऐकून तर मधुसूदनरावांचा जीव आणखीच जळला. करार गेला ते गेलं. पण वहाब दोन महिने रोज समोर बसून, सगळं माहीत असून, शांतपणे बिस्कीट बुडवत होता! ते मुसमुसायला लागले (अगदी डॉक्टरांसारखे).

"अगं, पण तू? तू तरी! घरात पाणी नाय, हे नवऱ्याला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाय तुला? मी काय परका होतो?"

यमुनाबाईंनी भरल्या ड्रममधून एक तांब्या काढला, तो तुळशीला घातला आणि वळल्या.

"सांगितलं की. तुम्हीच म्हणालात ना, जे सांगायचं ते सिस्टीममधून सांग? मग भाईजींचं पाणी सुरू होईपर्यंत टाकत होते रोज, कधी दिवसातनं दोनदा. तुम्ही गावभर मिरवताय ना तो लाल आकडा, आज त्रेसष्ट झालाय बघा. तो न वाचलेल्या तक्रारींचा असतो. त्यातल्या बावीस माझ्या आहेत."