भांडता येईल एवढं इंग्रजी

‘सिक’ म्हणजे आजारी की भारी, यावरून उचगावच्या त्या घरात सकाळीच ठिणगी पडली होती. गणपतराव हे इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. शब्दकोशात जे नाही ते जगात नाही, अशी त्यांची श्रद्धा. त्यांची सून स्नेहल खालच्या हॉलमध्ये इंग्रजी बोलण्याचा वर्ग चालवायची आणि पोरींना सांगायची, की हल्ली एखादी गोष्ट फार आवडली तरी ‘सिक’ म्हणतात. एवढंच असतं तर गणपतरावांनी ते गिळलं असतं. पण पाठोपाठ ‘लिट’, ‘ड्रिप’, ‘स्ले’ ही सगळी पिलावळ जिना चढून वर यायची आणि त्यांचा दुपारचा डोळा लागू द्यायची नाही. मग ते जिन्यातूनच ओरडायचे, “डिक्शनरी उघडा! स्ले म्हणजे ठार मारणे!” खाली पोरी फिस्सकन हसायच्या.

स्नेहल मात्र “बरं, आण्णा” म्हणायची आणि पुढचं वाक्य शिकवायला घ्यायची. सुनेनं सासऱ्याला उलट उत्तर द्यायची त्या घरात रीतच नव्हती. गणपतरावांची बायको शालूबाई याच रीतीत म्हाताऱ्या झाल्या होत्या. पण खरं सांगायचं तर गणपतराव जिन्यात बसायचे ते काही नुसतं ओरडायला नाही. तोंडातून ब्र न काढणाऱ्या पोरी महिन्याभरात धडाधड इंग्रजी बोलायला लागतात, हे त्यांना कानांनी ऐकल्याशिवाय खरं वाटत नसे. आपण जन्मभर व्याकरण घोटवून घेतलं, पण एकाही पोरीला आपणहून बोलतं केलं नाही, हे त्यांना कळत होतं. फक्त ते कबूल करायचं कुणापाशी?

त्या संध्याकाळी पालक यायचे होते. मोठमोठे क्लास निघाल्यापासून पोरी गळत चालल्या होत्या. या खेपेला बॅच भरली नाही तर वर्ग बंद करायचा आणि हॉल कुरिअरवाल्याला भाड्यानं द्यायचा, असं स्नेहलनंच ठरवलं होतं.

पालक आले. चहापाणी झालं. पुढच्या खुर्चीवर बसले दूध डेअरीचे बाळासो. ते मान हलवतील तशी बाकीचे सगळे मान हलवणार, हे ठरलेलं. त्यांची मुलगी मनाली उभी राहिली आणि आपलं नाव, गाव, छंद सगळं इंग्रजीत न अडखळता सांगून मोकळी झाली. टाळ्या पडल्या. बाळासोंनी मात्र मिशीवरनं हात फिरवला.

“ते पाठ केल्यालं हाय ओ, मॅडम. पोपट बी बोलतोय. मानसाला भाषा आली का न्हाई, ते वळखायचं कसं सांगू? त्या भाषेत भांडता आलं म्हंजी आली. मी सीमेपल्याड म्हस घ्यायला गेलतो, तितं कानडीत भांडलो. तवा मला कळलं, आपल्याला कानडी येतंय. मनाली, भांड बघू इंग्लिशमधी मॅडमसंगं.”

“मॅडमशी?” मनालीचे डोळे भरले. “कशी भांडू ओ, पप्पा? त्या लै चांगल्या हायत.”

मैत्रिणीशी भांड म्हटलं, तर दोघी एकमेकींकडे बघून हसतच सुटल्या. बाळासोंनी सुस्कारा सोडला. मागच्या रांगेत खुर्च्या सरकल्या. एक-दोघं चपला शोधायला लागले.

“मग मॅडम, तुमीच दावा भांडून,” बाळासो म्हणाले.

“मी? कुणाशी?”

बाळासोंनी जिन्याकडे बोट केलं. “सर हायत की.”

स्नेहलचा चेहरा पांढराफटक पडला. “आण्णांशी? नाही ओ. सासरे आहेत माझे.”

“मराठीत हायत. इंग्लिशमधी कुठला आलाय सासरा?”

जिन्यातून गणपतरावांना सुनेचा चेहरा दिसला. इतकी गुणाची पोर, हिचा वर्ग काय असा बुडू द्यायचा? ते ताडकन उठले, धोतर सावरत खाली आले आणि हॉलच्या मधोमध उभे राहून गरजले, “युअर लँग्वेज इज डिप्लोरेबल!”

“बरं, आण्णा,” स्नेहल सवयीनं म्हणाली.

हॉल खदखदून हसला. गणपतरावांनी ओळखलं, आता घाव जिव्हारी घातल्याशिवाय ही पोर काही बोलायची नाही. “अँड युअर टी,” ते म्हणाले, “इज इव्हन वर्स!”

मग मात्र बांध फुटला. चहा नावडता, तर तीन-तीन कप रिचवता कसे, इथपासून स्नेहलनं इंग्रजीत सुरुवात केली. ओला टॉवेल गादीवर कोण टाकतं? मोटार चालू ठेवून टाकी कोण वाहू देतं? शिकवणाऱ्या बाईला पोरींसमोर जिन्यातून कोण हटकतं? ‘यू’ला अहो-जाहो नसल्यामुळे गाडी कुठं अडेना. गणपतरावांनी ‘इम्पर्टिनन्स’ काढलं, ‘इनसोलन्स’ काढलं, ठेवणीतला एकेक दागिना बाहेर काढला.

“चिल, आण्णा, चिल!” स्नेहल म्हणाली.

चिल म्हणजे गारठा, हे त्यांनी इंग्रजीत सुनावलं. त्यावर तिनं इंग्रजीतच ठणकावलं, की सगळे शब्द काही तुमच्या पुस्तकात बसून राहत नाहीत, काही बाहेर खेळायला गेलेले असतात.

गणपतरावांनी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. उभ्या आयुष्यात त्यांना इंग्रजीत कुणी गप्प केलं नव्हतं, आणि आज घरच्याच पोरीनं केलं होतं. राग यायला हवा होता, पण त्यांची छाती अभिमानानं फुगली. त्यांनी दोन्ही हात वर केले.

“स्नेहल,” ते ओरडले, “दॅट वॉज सिक!”

पोरींनी हॉल डोक्यावर घेतला. बाळासो खुर्चीवर उभे राहिले. “नाद खुळा! घाला ओ मनालीचं नाव! आनि धाकटीचं बी घाला!” मागोमाग सगळ्यांनीच नावं घातली. चपला शोधणारे सगळ्यात पुढे होते.

पालक गेले. गणपतरावांनी घसा खाकरला.

“ते टॉवेलचं... शिकवण्यापुरतं होतं की खरं?”

स्नेहलची मान पुन्हा खाली गेली होती. “तुमचं चहाचं काय होतं, आण्णा?”

“छे, छे! उदाहरणादाखल.”

“माझंही उदाहरणादाखलच,” ती म्हणाली, आणि दोघांनाही हसू आवरेना.

स्वयंपाकघराच्या दारात शालूबाई चहाचा ट्रे घेऊन कधीच्या उभ्या होत्या. त्यांना इंग्रजीतलं अक्षर कळत नव्हतं, पण नवऱ्याला गप्प बसलेलं त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं होतं. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला.

“स्नेहल, वर्गात अजून जागा हाय व्हय गं?”

“आहे की, आत्ती. कुणासाठी?”

“मला.” शालूबाईंनी गणपतरावांकडे एकदा नीट बघून घेतलं. “लगीन झाल्यापासनं लै साठलंय. मराठीत काय बोलवंना.”

गणपतरावांनी आपला चहा एका घोटात संपवला, टेबलावरचे पालकांचे रिकामे कप गोळा केले आणि ते मुकाट्यानं मोरीकडे गेले.