नापासांचे पेढे

दहावीचा निकाल लागला की लातुरात पेढे कुणाच्या घरी जातात, हे शेंबडं पोरही सांगेल. दिगंबरमामांचे पेढे मात्र नापास झालेल्याच्या घरी जातात. निकालाच्या दुपारी मामा पांढरी टोपी घालून, हातात खोका धरून गल्लीत निघाले की बायका पटापट दारं लोटून घेतात. आपल्या दारात थांबले तर संपलंच, सगळ्या गल्लीला कळतं.

मामा आमच्या समोर राहतात, एकटेच. मूळचे हिमायतनगरकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. एका वर्षी शेजारच्या पाटलांनी हसत त्यांच्या हातातून खोका घेतला. त्यांची लेक सत्त्याण्णव टक्के मिळवून बसलेली, पेढे तिचेच असणार असं त्यांना वाटलं. मामांनी खोका परत ओढला. "ओ पाटील, तुमच्याकडं पेढ्यांना काय तोटा? हे नापासांचे हायत!" दोघं अजून बोलत नाहीत.

हुशार पोरांची शिकवणी मामा घेत नाहीत. कुणी गळ घातलीच तर म्हणतात, "त्येला अख्खं लातूर शिकवून राहिलंय, मी कशाला मधात?" नापास पोरगं दिसलं की मात्र त्यांच्या अंगात येतं. "आरं, येष्टी हुकली, गाव न्हाई हुकलं!" मग स्टँडवर गाड्या पुकारल्यासारखे एकेक रस्ते सांगत सुटतात. जुलैची पुरवणी परीक्षा. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटी घेऊन सरळ अकरावी. शाळाच सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी. तेही झेपत नसेल तर मुक्त शाळा. ऐकणाऱ्याला वाटावं, पहिल्या फटक्यात पास झालेल्यांनी उगाच घाई केली.

मला फार हसू यायचं. यंदा मामा आमच्या दारात थांबले.

आमची प्राजक्ता गणितात राहिली होती. "लातुरात राहून नापास!" एवढं बोलून ह्यांनी टीव्ही लावला. सासूबाईंनी निकाल दिला, जुलैत निघाली तर ठीक, नाहीतर बस झालं शिक्षण, घरी बसवा. पोरगी खोलीला आतून कडी लावून बसली ती जेवायलाही उठेना. मी नुसती थकून गेले होते. ह्यांचे टोमणे, नातेवाइकांचे फोन, आणि त्यात हे पेढे! कुठं तोंड लपवू असं झालं. मामा थेट खोलीच्या दाराशी गेले. "पोरी, पेढा ताजा हाय. रडून झालं की खा. घाई न्हाई." आणि तिथंच जमिनीवर बसले. बऱ्याच वेळानं कडी निघाली.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू. मामा रागवत नाहीत, हीच त्यांची तऱ्हा. गणित चुकलं की म्हणायचे, "वा! चुकलीस, पन काय डौलात चुकलीस! आता कुठं चुकलीस ते मला शिकीव." प्राजक्ता हसायला लागली, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

पेपरच्या दिवशी मी तिला ऑटोनं केंद्रावर नेलं. मामा आधीच गेटबाहेर लिंबाखाली उभे. म्हटलं, "मामा, तुम्ही कशाला उन्हात?"

"मार्चात हितं जत्रा असते, ताई. ह्या परीक्षेला कोन येतंय?"

पोरगी आत गेली. आम्ही कट्ट्यावर बसलो. माझा जीव तिच्या पेपरात अडकलेला. मामा अचानक म्हणाले, "ताई, तुमचं कशात राहिलं व्हतं?"

मी त्यांच्याकडं वळले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. पोरगी नापास झाली तवा सगळे तिला बोलले. तुमी एक शबूद बोलला न्हाईत."

"गणितात," मी म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला कुणीच विचारलं नव्हतं. आलं रडू. येऊ दिलं.

मामा गेटाकडंच बघत होते. "आमच्या हिचं इंग्रजी राहिलं व्हतं. मला ठावंच नव्हतं. ती गेली अन् तेराव्याला तिच्या भैनीनं सांगितलं, पुन्यांदा बसायचं लई मनात व्हतं म्हने तिच्या. मी भायेर जगाच्या पोरांना शिकवून राहिलो, अन् ती आत माझ्यासाठी चहा करून राहिली. मी कदी इचारलंच न्हाई वो." टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं.

पुरवणीच्या निकालात प्राजक्ता निघाली. काठावर, पण निघाली. अकरावीला आर्ट्स घेतलंय.

आता संध्याकाळी मीच मामांकडं जाते. पुन्हा दहावीला बसायचं म्हणजे नवी पुस्तकं, सगळे विषय. "ह्या वयात?" असं ह्यांनी विचारून पाहिलं. मी भाकरी थापत राहिले. गणित मला अजून छळतंच. इंग्रजी मात्र बरं जमतं, तसं मी मामांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी रोज गणित झालं की मामा इंग्रजीचं पुस्तक माझ्यापुढं सरकवतात आणि उठून आत चहा ठेवायला जातात.

"मोठ्यानं वाचा, ताई," आतून म्हणतात. "हितं ऐकू आलं पायजे."