आगाशेकाकांची साडेचारची गाडी

मानवी स्वातंत्र्याचा लढा नेहमी एकटा माणूस सुरू करतो, असं मोठी माणसं सांगतात. आमच्या इमारतीत तो आगाशेकाकांनी सुरू केला. लिफ्टचं जाळीचं दार लावण्यापूर्वी बाहेर डोकं काढून दोन्ही बाजूंना बघणारा आणि मग गळ्यातली शिट्टी वाजवणारा हा माणूस आपला पुढारी आहे, हे मात्र इमारतीला शेवटपर्यंत कळलं नाही.

शिट्टी नोकरीतली. काका रेल्वेत गार्ड होते. छत्तीस वर्षं शेवटच्या डब्यात उभं राहून त्यांनी बंगाल पाहिला, तोही मागच्या बाजूने. "ड्रायव्हरला पुढे काय येतंय ते दिसतं," ते म्हणत, "मला काय गेलं ते दिसायचं."

मी बँकेतला. बदली होऊन कोलकात्याला आलो आणि ढाकुरियाच्या या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याची जागा घेतली. वर मराठी माणूस राहतो हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं, कारण सामानाचा टेम्पो फाटकातून आत येत असताना तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून कुणीतरी हिरवं निशाण दाखवत होतं.

"कुठला रे?" वरून आवाज आला.

"साताऱ्याचा."

"नाव?"

"सबनीस."

"ऑलराइट."

हा त्यांचा शब्द. गाडी सुटताना गार्ड हिरवं निशाण दाखवतो, पुढून ड्रायव्हरही दाखवतो. दोघांचं दाखवून झालं की ऑलराइट. एकाने दाखवलं आणि दुसऱ्याने नाही, तर गाडी जागची हलत नाही. काकांनी हा नियम संसारालाही लावला होता. चहाचा कप समोर आला तरी ते "ऑलराइट?" असं आतल्या दिशेने विचारून थांबत, आणि स्वयंपाकघरातून काकू म्हणत, "ऑलराइट हो. प्या आता, गार होतोय."

काकूंना तेव्हाच विसरायला होऊ लागलं होतं. एका चहात त्या मला तीनदा विचारत, लग्न झालंय का. तिसऱ्या वेळी मी घुटमळलो की काका म्हणत, "सांग परत. पॅसेंजर आहे ती, प्रत्येक स्टेशनावर थांबते." काकूंना सांभाळायला मालती नावाची एक आया होती. ती कॅनिंगकडून सकाळच्या लोकलने यायची आणि संध्याकाळच्या लोकलने जायची. अंघोळ, उठबस, फिरवणं सगळं तिच्याकडे.

त्या फेब्रुवारीत काकांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. काकू नागपूरला भावाकडे गेल्याचं त्यांनी जिन्यात सांगितलं. मार्चमध्ये करोना आला आणि सगळं बंद झालं. लोकल थांबल्या. रुळांलगत ढाकुरियाला राहून गाडीचा आवाज नाही, म्हणजे घरातलं घड्याळ बंद पडल्यासारखं. काका लोकलच्या वेळेला बाल्कनीत येऊन उभे राहायचे आणि रिकाम्या रुळांच्या दिशेने बघून आत जायचे.

आमच्या इमारतीची कमिटी नऊ घरांची, घरटी एक मत. दर रविवारी अकरा वाजता खाली गॅरेजमध्ये, दोन-दोन हातांवर खुर्च्या टाकून सभा भरायची. सेक्रेटरी घोषालबाबू, कॉलेजातले इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. तोंडाला मास्क, त्यावर प्लास्टिकची ढाल, आणि त्या दोहोंच्या आडून प्लेगचा इतिहास. तो संपला की विषय एकच असायचा: कामवाल्या आणि आया यांना इमारतीत कधी येऊ द्यायचं?

घोषालबाबूंचं उत्तरही एकच. "आर पोनेरो दिन." आणखी पंधरा दिवस.

मग काका उठायचे. त्यांचा ठराव कागदावर लिहिलेला असायचा. मालतीला आत येऊ द्यावं, ती इथेच राहील, बाहेर जाणार नाही. "लाल सिग्नल कायम लालच राहिला तर त्याला सिग्नल म्हणत नाहीत," ते चाळीसहून जास्त वर्षं जुन्या आणि तरीही मराठी राहिलेल्या बंगालीत म्हणायचे, "त्याला बिघाड म्हणतात."

"गार्डसाहेब," घोषालबाबू ढालीआडून विचारायचे, "गाडी चालवायची एवढी घाई आहे, पण जायचंय कुठे तुम्हाला?"

गॅरेज हसायचं. आठ विरुद्ध एक. त्या आठांत मी असायचो.

एकदा जिन्यात त्यांनी मला गाठलं. "तू रोज बँकेत जातोस. शंभर माणसांत बसतोस. तुला फाटक उघडं. मालती एका खोलीत राहणार, तर तिला बंद. हा कुठला नियम रे?"

"काका, माझी नोकरी अत्यावश्यक सेवेत येते."

"तिची येत नाही?"

"तुम्ही सत्तरीच्या पुढचे. हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय."

"माझ्यासाठी करू नका," ते म्हणाले आणि शिट्टी न वाजवताच लिफ्टमध्ये शिरले.

जुलैत पहिल्या मजल्यावरचे सेनबाबू गेले. अँब्युलन्स आली, ते चालत जाऊन तीत बसले, आणि नंतर घरच्यांना फक्त फोन आला. पुढच्या रविवारी प्लेगचा इतिहास कुणी सांगितला नाही. तरीही काकांनी खिशातून कागद काढला आणि ठराव वाचला. सेनबाबूंची खुर्ची रिकामी होती. लोकांनी माना खाली घातल्या त्या दुःखाने नव्हे, काकांची लाज वाटून. मीही घरी येऊन बायकोला म्हणालो की एकट्या माणसाला दोन पोळ्या लाटता येत नाहीत, म्हणून हा सगळ्या इमारतीला मरणाच्या दारात उभं करायला निघालाय. वाक्य मला बरं जमलं होतं. मी ते बँकेतही वापरलं.

ऑगस्टात एके दिवशी औषध फवारायला म्हणून शाखा दुपारीच बंद केली. बस नव्हतीच. मी चालत निघालो आणि ढाकुरिया लेकच्या मागच्या एका गल्लीत शिरलो. गल्लीत माणूस नाही. फक्त काका. फुटपाथवरून अगदी संथ, एका चालीने चालले होते. उजवा हात बाहेर काढलेला आणि हातात हिरवं निशाण. कोपऱ्यावरचा पोलीस खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होता. त्याने हे आधीही पाहिलेलं असावं, कारण तो उठला नाही.

मला वाटलं, गेलं. डोकं गेलं.

मग ते एका जुन्या दुमजली घरासमोर आले. वरच्या बाल्कनीच्या गजांमागे कुणीतरी पांढरा नॅपकिन वर धरला. काकू होत्या. केस कापलेले, अंगात कुणा दुसऱ्याचा गाऊन. नॅपकिन दोनदा हलला. काकांनी मास्क खाली ओढून शिट्टी वाजवली, आणि न थांबता पुढे निघून गेले. घराच्या दारावर वृद्धनिवासाची पाटी होती.

वळणापलीकडे ते निशाण गुंडाळत असताना मी गाठलं.

"नागपूर?" मी विचारलं.

"नागपूरच म्हण." त्यांनी निशाण पिशवीत घातलं. "ऑपरेशनपुरतं तीन आठवडे ठेवलं होतं. आणायला जायच्या आधीच सगळं बंद झालं. त्यांनी भेटणं बंद केलं. मी म्हटलं, घरी नेतो. डॉक्टर म्हणाले, तुम्ही वजन उचलायचं नाही. तिला न्हाणीत दोनदा पडलेलं पाहिलंय मी. मालतीशिवाय आणून काय करू?"

"मग कमिटीत हे सांगत का नाही?"

"काय सांगू? आगाशेने बायको नेऊन ठेवली?" ते माझ्याकडे बघत नव्हते. "सोडायला गेलो तेव्हा तिने माझा मफलर नीट केला होता. बाहेर वारा आहे म्हणाली. आता फोनवर विचारते, कोण बोलतंय. निशाण मात्र कळतं. आमचं क्वार्टर लाइनीला लागून होतं. साडेचारला माझी गाडी पुढून जायची. मी गार्डच्या डब्यातून निशाण दाखवायचो आणि ती स्वयंपाकघरातलं फडकं. नोकरीत एवढा एकच नियम मोडला."

"मग थोडं थांबायचं ना तिथे. बघेल तुम्हाला."

"गाडी थांबायची नाही तिथे," काका म्हणाले. "मी थांबलो तर तिला वाटेल काहीतरी बिघडलंय."

मग त्यांनी बोट वर केलं. "कमिटीत एक अक्षर नाही. ऑलराइट?"

ते तसेच उभे राहिले. अखेर मला ऑलराइट म्हणावं लागलं.

पुढच्या रविवारी सात विरुद्ध दोन. घोषालबाबूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एक साम्राज्य आतून पोखरलं गेलं आहे. सप्टेंबरच्या शेवटी मात्र त्यांनी चाळीस मिनिटांचं भाषण केलं. प्रत्येक साथीच्या अखेरीस समाजाला धैर्याने दार उघडावं लागतं, असा त्याचा सारांश. त्या आठवड्यात त्यांच्या पत्नीने भांडी घासायचं बंद केलं होतं, हे मला मागाहून कळलं. पाच विरुद्ध चार. काकांनी घोषालबाबूंना वाकून नमस्कार केला. नमस्कार कशासाठी हे त्यांना कळलं नाही, पण त्यांनी तो घेतला.

लोकल बंदच होत्या. मालती भाजीच्या टेम्पोत बसून आली, बोचकं घेऊन. चौदा दिवस तिला मागच्या खोलीत ठेवलं. मग काकूंना आणलं. मी त्यांची चाकांची खुर्ची उचलायला गेलो होतो. काकांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. लिफ्टमध्ये त्यांनी दोन्ही बाजूंना बघून शिट्टी वाजवली, नेहमीपेक्षा जरा लांब.

काकू बैठकीत बसल्या. पडदे पाहिले, मालतीकडे पाहून हसल्या, आणि मग काकांकडे वळल्या.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "चहा घ्या. पण लवकर निघा हं. आमचे हे यायचेत, साडेचारची गाडी आहे त्यांची."

काकांनी पिशवीतून निशाण काढून उलगडलं.

काकूंचा चेहरा कडक झाला. "हे कुठून उचललंत? रेल्वेचा माल आहे तो. ठेवून या जागेवर."

मालतीला मराठी येत नाही, पण ती आत निघून गेली. काका थोडा वेळ निशाणाची घडी घालत राहिले. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वाचार झाले होते. "ऑलराइट," ते म्हणाले आणि खाली गेले.

मार्च ते ऑगस्ट मी किती रविवारी 'नको' म्हणून हात वर केला ते मोजलेलं नाही. कमिटीच्या वहीत ते आहे.

आता सगळं उघडलं आहे. लोकल भरून जातात. घोषालबाबूंची ढाल त्यांचा नातू क्रिकेट खेळताना वापरतो. काका अजून रोज साडेचारला दोनेक मिनिटं असताना, काकूंनी "निघा आता" म्हटलं की, निमूट उठतात, खाली येतात आणि फाटकापासून पंपाच्या खोलीपर्यंत हात बाहेर काढून चालत जातात. त्या वेळी तिथे कुणी स्कूटर लावत नाही. तसा ठराव आहे, आणि तो नऊ विरुद्ध शून्याने झालेला आहे. वरून नॅपकिन हलतो.

मग काका वर जातात. "गेली बघा गाडी," काकू त्यांना सांगतात. "एवढ्या वर्षांत एक दिवस उशीर नाही हो त्यांना."

"असं का?" काका म्हणतात.

हे खरं नाही. लिफ्ट बंद असते त्या दिवशी गाडी सहा-सात मिनिटं लेट असते.