दोराच्या टोकाची गाठ

आमच्या विमा कार्यालयात गाठींतला जाणकार एकच, तो म्हणजे मी. कृत्रिम भिंत चढायच्या सहलीची नोटीस लागल्यापासून मी पडद्याची दोरी काढून घरी सराव करत होतो. बायको म्हणाली, "पायजम्याच्या नाडीला निरगाठ बसली की तुला कात्री लागते." अशा लोकांकडे दुर्लक्ष करायचं असतं. साहेब त्याच महिन्यात बढतीसाठी एक नाव सुचवणार होते. संकटात डोकं शांत ठेवणारा माणूस कसा असतो, ते त्यांना दाखवायचं होतं.

साहेबच पहिले चढले. त्यांच्या पट्ट्याला बांधलेला दोर वरच्या कडीतून फिरून खाली प्रशिक्षक बाईंच्या कमरेच्या पकडीत येत होता. उरलेल्याचा जमिनीवर ढीग. टोकाला गाठ हवी, नाहीतर दोर पकडीतून निसटतो आणि माणूस खाली येतो. हे बाई सांगत होत्या, तेव्हा मी तेच मागच्या रांगेला जास्त चांगलं समजावत होतो.

साहेब वर पोचले. टाळ्या पडल्या. मी ढिगाकडे पाहिलं तर गाठ कुठेच दिसेना! बाई विसरल्या. मी हळूच वाकलो, हाती आलं ते टोक धरून गाठ मारली आणि पाय रोवून आवळली.

"सोडा खाली," साहेब म्हणाले.

ते हातभर खाली आले आणि थांबले. बाईंनी पकडीकडे पाहिलं. "मधेच गाठ कुणी मारली?"

"मधे नाही, टोकाला," मी म्हणालो.

"टोकाची मी सकाळीच मारलीय. ती ढिगाखाली आहे. तुम्ही वेढ्याला मारलीत." मग त्यांनी वर पाहिलं. "सर, दोन पावलं वर चढा, दोर सैल पडला की सोडवते."

साहेबांनी डोळे घट्ट मिटले होते. "मी आता कुठेही जाणार नाही."

"घाबरू नका साहेब," मी ओरडलो. "गाठ एकदम पक्की आहे!"

साहेबांनी एक डोळा किलकिला करून खाली पाहिलं. मग अगदी हळू आवाजात विचारणा झाली, "तुमची आहे का ती?"

शिडी यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मागच्या रांगेतल्या टायपिस्टबाईंनी साहेबांना धीर देत, मी काय काय समजावलं होतं ते शब्दशः सांगितलं. शिडीवर साहेबांचा भार गेल्यावर दोर सैल पडला, पण गाठ सुटेना. मी दातही लावून पाहिले. शेवटी साहेब दोर तिथेच सोडून शिडीने उतरले आणि माझ्या शेजारून गेले, जसं खांबाच्या शेजारून जावं.

बढती टायपिस्टबाईंना मिळाली. माझी बदली तळघरातल्या दप्तरखान्यात झाली. काम सोपं आहे, जुन्या फायलींचे गठ्ठे बांधून फळीवर ठेवायचे.

पहिल्याच आठवड्यात तीन गठ्ठे सुटले.