न गळणारी बरणी

नळकामात माझा हात धरणारा कोणी नाही! मी आवळलेला जोड कधी गळत नाही. त्यामुळे मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आईची शेवटची बरणी तेवढी सांभाळा, उद्या न्यायला येते," तेव्हा मला हसूच आलं. बरणी सांभाळायची! ती काय तान्हं बाळ आहे?

बरणी हिची. आमची ही मागच्या खोलीत औषधी आळंबी वाढवायची, बोटांसारखी उभी, केशरी. दर खेपेला सगळ्यांत गडद तुरा निवडायची आणि त्याच्यापासूनच पुढची बरणी लावायची. तो रंग विषाणूला रोखतो का, हे मुलीच्या प्रयोगशाळेत तपासायचं होतं. ही गेली, मग बरण्याही एकेक करून गेल्या. एकच उरली. तीही गेली, की हिचा रंग संपला.

संध्याकाळी बरणी हुंगली. हिच्या हातांना यायचा तोच ओलसर वास! आणि तोंडाला नुसता कापसाचा बोळा! वास उडून चाललाय आणि मी बघत बसू? बोळा काढला, झाकण आवळलं, वरून पांढरी टेप गुंडाळली. वास काय, वासाचा बापसुद्धा बाहेर पडणार नाही असा जोड!

सकाळी पाहतो तर काच आतून घामाघूम, तुरे माना टाकून बसलेले! मग आठवलं. ही म्हणायची, "अहो, तुमचं काम कोंडायचं, माझं श्वास घेऊ द्यायचं."

झाकण फिरवलं. हलेना. माझाच जोड तो! पाना लावला, जोर केला, आणि बरणी सटकून ओट्यावर फुटली. थोडी आळंबी माझ्या तोंडावर, तोंड पिवळंकेशरी; बाकी सगळी खाली ठेवलेल्या फिनाइलच्या बादलीत!

आवाज ऐकून शेजारच्या वहिनी धावत आल्या. नर्स होत्या पूर्वी.

"अगबाई, भाऊजी! कावीळ!"

"कावीळ नाही हो, आळंबी आहे!"

"बरळायलाही लागले! थांबा, आधी तोंड पुसते!"

"हात लावू नका! आता एवढीच उरलीय!"

वहिनी ओला टॉवेल घेऊन पुढे, मी दोन्ही हातांनी तोंड झाकून मागे मागे, अशा टेबलाभोवती आमच्या फेऱ्या चालू असताना मुलगी दारात. आधी पोट धरून हसली. मग तिला बादली दिसली.

"बाबा, सगळी गेली?"

मी तोंडावरचे हात काढले. ती जवळ आली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि एकदम ओरडली, "हलू नका!"

पर्समधला चिमटा काढून तिने माझ्या मिशीतून एक केशरी तुरा अलगद उचलला. ही जन्मभर म्हणत आली, "अहो, काढा ती मिशी, काडीच्या उपयोगाची नाही!" आता सांगू कोणाला?

तो तुरा रुजला. रंगाची तपासणी चालू आहे, विषाणूचं काय व्हायचं ते होवो. एक बरणी मुलीने मला आणून दिली, कापसाच्या बोळ्याची. वर ताकीद, "पाना लांब ठेवा!"

रोज हुंगतो. हिच्या हातांचा तोच वास. फक्त त्यात मला माझ्या दाढीच्या साबणाचाही वास येतो. मुलगी म्हणते, शक्यच नाही. पण येतो.

हिला मुळीच चाललं नसतं!