बार्शीच्या मुलीची ताई

आमच्या सोसायटीच्या लिफ्टजवळ मी एकदा सूचना लावली होती. खाली नाव नाही, सही नाही. ‘ओल्या छत्र्या लिफ्टमध्ये मिटून धराव्यात. लिफ्ट म्हणजे न्हाणीघर नव्हे.’ तळमजल्यावरचे कुंजीरकाका ती वाचत उभे होते. मी मागून आले, तर मान न वळवता म्हणाले, "बाई हाय. पन्नाशीची. घरात डब्याडब्यावर चिठ्ठ्या लावलेल्या असणार."

माझ्या घरात डब्यांवर चिठ्ठ्या आहेत. 

काका स्वारगेटच्या स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्या लावायच्या, सोडायच्या आणि दिवसभर माईकवर ओरडायचं. अजूनही त्यांनी घरात "कोण आहे?" विचारलं, की तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओ देतं. निवृत्त झाल्यावर गाड्या गेल्या, ओळखायची खोड राहिली. सोसायटीच्या ग्रुपवर नाव न लावलेला नंबर दिसला, की ते मजकूर वाचून बाई की बुवा हे ठरवून टाकत. वर सांगत, "सेक्रेटरीबाई, बोर्ड बघायचा न्हाई, गाडी बघायची. बोर्ड कुणीबी पालटतो."

अंदाज कधी साफ चुके. कुत्र्यांविरुद्ध रोज आठ ओळी लिहिणारा एक नंबर होता. काकांनी निकाल दिला, "बुवा. मिलिटरीतला. मिशी हाय." निघाली बी-विंगमधली कॉलेजची मुलगी. मी हे त्यांना कळवलं, तर म्हणाले, "मिशीचं सोडा. बाकी बरोबर होतं."

दुसऱ्यांना ओळखणारा हा माणूस स्वतः मात्र लेखी कुठेच सापडत नसे. ‘आलो’ नाही, ‘गेलो’ नाही. ‘टाकी रिकामी दिसते. बघून घ्यावी. इकडचा चहा झालेला आहे.’ मी एकदा म्हटलंसुद्धा, "अहो काका, तुमच्या मेसेजखाली तहसीलदारांचा शिक्का तेवढा राहिलाय."

"सवय लागली," ते म्हणाले आणि विषय बदलला.

ही सवय कशाची, ते मला पाण्याच्या मीटरचं रीडिंग घ्यायला गेले तेव्हा कळलं. काकू लोणी काळभोरला मुलाकडे नातवंडांत असतात. काकांचं आणि मुलाचं जमिनीवरून बिनसलेलं, म्हणून हे इथे एकटे. एकट्या पुरुषाचं घर म्हणून मी नाक दाबूनच आत गेले. तर टीव्हीवर, टेबलावर, पाण्याच्या माठावरसुद्धा क्रोशाची झाकणं. मी काकूंचं कौतुक करणार, तोच काकांनी कान खाजवला आणि कानामागची पेन्सिल खाली पडली. ती पेन्सिल नव्हती. क्रोशाची सुई होती.

"स्टँडवर गाडी लेट झाली की हात मोकळे," ते म्हणाले. "बुकिंगच्या खिडकीत एक बाई होत्या, त्यांनी शिकवलं. कुणाला बोलू नका."

"त्यात लपवायचं काय? चांगलं विणता की."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. विणकामाचा एक मराठी ग्रुप होता, ‘साखळी आणि खांब’ अशा टाक्यांच्याच नावाचा, आणि तो फक्त बायकांसाठी होता. आत घेताना विचारत, ‘आपण स्त्री आहात का?’ काकांनी उत्तर दिलं होतं, ‘टाका घट्ट येतो.’ त्यांना घेतलं. नाव लावलं होतं नुसतं ‘लोणीकर’. बायकांनी आपापसांत ठरवलं, की या कुणी वयस्कर, कमी बोलणाऱ्या, अनुभवी ताई आहेत. झाल्या लोणीकरताई.

"मी कधी बाई हाय म्हणलो न्हाई," काका म्हणाले.

"आणि नाही असंही म्हणाला नाहीत."

"न्हाई," त्यांनी मान्य केलं.

त्यांचा पसारा मोठा होता. फोनमधल्या भाषांतराच्या जोरावर ते इंग्रजी, हिंदी आणि एका बंगाली ग्रुपातही शिरले होते. "इंग्रजीत आरामात बसावं. बंगाल्यांत तर तिकीटच लागत न्हाई, बाई असो का बुवा, बोलणं सारखंच. हिंदीवाला शेवटच्या थांब्यावर पकडतो. मराठीत मात्र ‘आलो’ का ‘आले’ विचारत गाडी स्टँडच्या बाहेर पडायच्या आत तपासनीस चढतो." हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. माझा नव्हता. मी स्वतः बायकांच्या दोन ग्रुपांची व्यवस्था बघते. अशा ठिकाणी बायका काय काय बोलतात ते मला माहीत आहे, आणि ते कुणी ऐकू नये म्हणूनच दाराशी प्रश्न ठेवलेला असतो.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "काका, यातून बाहेर पडा."

त्यांनी सुई पुन्हा कानामागे खोचली. मला वाटलं, पटलं.

पटलं नव्हतं. पुढच्या महिन्यात एके दुपारी ते माझ्या दारात उभे. घरात येईनात. घाम आलेला.

"सेक्रेटरीबाई, माझ्याबरोबर स्वारगेटला चला. ताई म्हणून."

"कोणाची ताई?"

बार्शीची एक मुलगी होती, रेवती. ग्रुपात तिला टाके जमेनात, म्हणून ती लोणीकरताईंना वेगळं लिहून विचारू लागली. मग टाक्यांबरोबर बाकीचंही लिहू लागली. पहिलं बाळ पोटातच गेलं, ते तिनं ताईंना लिहिलं. आता पुन्हा दिवस गेले आहेत, भीती वाटते, घरात बोलून दाखवलं की सासू अपशकुन म्हणते, तेही ताईंनाच लिहिलं. काका उत्तर देत. ‘रोज थोडं विणावं. जेवण टाळू नये. सगळं नीट होणार आहे.’ तीही रोज विचारे, ‘ताई, जेवलात का? गुडघा कसा आहे?’ परवा ती पुण्यातल्या डॉक्टरांकडे येणार होती. परतीच्या गाडीआधी तासभर तिला ताईंना भेटायचं होतं.

"नाही म्हणून कळवा. गावाला गेलेय म्हणा."

"दोनदा कळवलं. ती म्हणाली, ताई, तुम्हाला मी नकोय का."

"मग खरं सांगा."

"या दिवसांत?" काका म्हणाले. "सगळं पोटातलं तिनं एका परक्या बुवाला सांगितलंय, हे आत्ता कळावं तिला? काही झालं मग?"

 दुसऱ्याच्या नावानं मी साधं कुरिअरसुद्धा घेत नाही. पण मी हो म्हटलं. एकदाच. चहा, विचारपूस, गाडीत बसवणं, आणि त्यानंतर लोणीकरताई कायमच्या लेकीकडे परदेशी जातील. काकांनी मान हलवली. ती हलवणं त्यांना किती जड गेलं असेल, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

ठरलं की मी नीट करते. ताईंना काय काय असतं ते सगळं पाठ केलं. डावा गुडघा, गोड कमी, आवडती भाजी चाकवत. रेवतीच्या नणंदेचं नाव, डॉक्टरांनी सांगितलेली तारीख. ओळखीसाठी काकांनी विणलेली जांभळी शाल मी खांद्यावर घेतली. काका मागच्या बाकावर पेपर उघडून बसणार, मध्ये बोलणार नाहीत. मी त्यांची दोनदा उजळणी घेतली. कुठे काही राहिलं आहे असं मला वाटेना.

रेवती आली. चोवीस-पंचवीसची, बारीक, कापडी पिशवी पोटाशी धरलेली. तिनं मला शालीवरून ओळखलं आणि काही न बोलता वाकून पाया पडायला गेली. मी तिला अर्ध्यावर धरलं. "अगं, या दिवसांत वाकू नये," मी म्हटलं. हे मला कुणी पढवलं नव्हतं, तरी तोंडातून आलं. मला वाटलं, जमतंय.

आम्ही बसलो. गुडघ्याची चौकशी झाली. नणंदेची झाली. डॉक्टर काय म्हणाले ते तिनं सांगितलं, सगळं ठीक होतं. माझ्या पाठीमागे पेपर हलला. मग तिनं पिशवीतून पिवळ्या लोकरीचं अर्धवट टोपडं काढलं, सुई त्यातच अडकवलेली, आणि माझ्या हातात दिलं.

"ताई, कानाशी घट्ट करायचं तुम्ही लिहिलं होतं, तिथंच चुकतंय. एकदा करून दाखवता? मी बघते."

सबंध पाठांतरात ही एक गोष्ट आम्हा दोघांनाही सुचली नव्हती. काकांना विणणं म्हणजे श्वास घेण्यासारखं, त्यामुळे ते कुणाला येत नसेल हे त्यांच्या मनातच आलं नाही. आणि मी आयुष्यात शर्टाच्या बटणापुढे गेलेली नाही.

मी सुई धरली. पेनासारखी धरली. "चष्मा नाही आणला गं," मी म्हटलं. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता.

रेवती माझ्या बोटांकडे बघत होती. मी काहीतरी करावं म्हणून लोकर ओढली आणि दोन टाके सुटले. तिसरा सुटायला लागला. तिनं हळूच नजर वर केली. त्या नजरेत अजून प्रश्न नव्हता, नुसती भीती होती. कुणीतरी आपल्याला भलत्याच माणसासमोर आणून बसवलंय, ही.

"सोडा. सगळं उसवंल." मागून आवाज आला. माईकवरचा आवाज, पण अगदी खाली आणलेला.

काका उठून समोर आले होते. त्यांनी माझ्या हातातून टोपडं घेतलं, बाकाच्या कडेला बसले आणि सुटलेले टाके उचलू लागले. केसाळ मनगट, सुपारीएवढी पेरं, आणि त्यात ती बारीक सुई न दिसण्याइतकी चपळ. शेजारचा एक प्रवासी पान खायचा थांबला. काकांनी कानापाशी वळण घेतलं, घट्ट केलं, आणि टोपडं तिच्यापुढे धरलं. "असं. मुका खांब घ्यायचा आणि मग ओढायचं. आधी न्हाई."

रेवतीनं टोपडं घेतलं नाही. ती टाक्यांकडे बघत होती. मग तिनं माझ्या खांद्यावरची शाल चिमटीत धरून बघितली, आणि पुन्हा टोपड्याकडे. दोन्हींवर एकच हात फिरलेला होता.

"म्हणजे मी लिहिलेलं सगळं तुम्ही वाचलंत," ती म्हणाली.

"व्हय."

"पहिल्या बाळाचंसुद्धा."

"व्हय, पोरी."

 मी पाणी पुढे केलं, तिनं घेतलं नाही. मी काका चांगले आहेत वगैरे सांगायला तोंड उघडलं, तर काकांनी हातानं मला थांबवलं. "सेक्रेटरीबाईंची चूक न्हाई, तुझीबी न्हाई. मी सांगायला पायजे होतं. भीती वाटली."

"तुम्हाला कसली भीती?" रेवतीनं विचारलं. तिचा आवाज चिरका झाला होता.

काकांनी टोपड्यातली सुई काढली आणि पुन्हा तिथंच खोचली.

ती उठली. पिशवी पोटाशी घेतली. चेहरा कोरा करून तिनं विचारलं, "काका, बार्शीची गाडी कुठून सुटते?"

"पलीकडच्या फलाटावरून. समोरची जागा घे, मागं धक्के बसतात," काका म्हणाले. ती गेली. गाडीत चढताना तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. काका खिडकीपाशी गेले नाहीत, पण गाडी स्टँडबाहेर पडेपर्यंत बसलेही नाहीत.

"बघितलं?" मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "छत्तीस वर्षं मला माणसं काका म्हणून हाक मारत आली आणि प्रत्येकानं गाडी विचारली. जेवलात का, हे ताई झाल्यावर विचारलं कुणीतरी."

मी शाल खांद्यावरून काढून तिची घडी घातली. 

टोपडं त्यांच्या हातातच राहिलं होतं. ते तिथेच बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर त्यांनी पुरं केलं. पत्ता त्यांच्याकडे होता. दुसऱ्या दिवशी मी पोस्टात जाणारच होते, म्हणून त्यांनी खोकं माझ्याकडे दिलं. पाठवणाऱ्याची जागा कोरी होती.

"इथे काय लिहू?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं. सावकाश, शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर काढत त्यांनी आपलं, वडलांचं आणि आडनाव लिहिलं. त्याआधी ‘श्री.’ लिहिलं. मग क्षणभर थांबून खाली एक ओळ घातली.

‘मी जेवलो.’