सोनूबाईचे साखरेचे पोपट

रविवारी सकाळी चहात टोस्ट बुडवता बुडवता मी "मी आणतो" एवढंच बोललो. खाताना बोलू नये, हे लहानपणी मला पुष्कळदा सांगितलं गेलं होतं. त्यामागचं कारण मात्र त्या रविवारी कळलं.

विषय आमच्या कन्येच्या वाढदिवसाचा होता. सोमवारी तिला सातवं संपून आठवं लागणार होतं. नाव सोनू, पण घरातला कारभार असा करते की सगळे तिला सोनूबाई म्हणतात. तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. शेंगदाणा पोटात गेला की ओठ सुजतात, धाप लागते. दोन वर्षांपूर्वी तिला जीपमध्ये घालून जाफराबादहून जालन्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तेव्हा मी वाटभर तिच्या नाकाला कान लावून बसलो होतो. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. एका कणानेसुद्धा त्रास होऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून आमच्या घरात शेंगदाणा येत नाही. पाहुणे येतात, कुटाशिवायची भाजी खातात आणि माझ्या बायकोकडे, म्हणजे साधनाकडे, फार कळवळ्याने बघतात.

शाळेत कुणाचाही वाढदिवस असला की सोनूबाई मिळालेलं चॉकलेट न उघडता घरी आणून आईच्या हातात देते. मागच्या वाढदिवसाला तिने वर्गात पेन्सिली वाटल्या, तर एका पोराने पेन्सिल खिशात टाकून विचारलं, "अन् खायला काय हाय?" ते तिच्या मनाला लागलं होतं. म्हणून यंदा तिने जाहीर केलं, "जे वाटीन तेच मी पण खाईन. सगळ्यांसंगं."

साधना म्हणाली, "शिरा करून देते."

"शिरा घरचा असतो. मला दुकानातलं पाहिजे."

आणि इथे मी टोस्ट खाता खाता बोललो.

"तुम्ही?" साधनाने विचारलं. त्या एका शब्दात आमचा सगळा संसार आला.

मी तहसीलीत लिपिक आहे. स्वभावाने चौकस (साधनाचा शब्द 'भोचक' असा आहे). कुठली वस्तू कशी बनते, तिच्या आत काय असतं, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा या कामाला माझ्याइतका लायक माणूस तालुक्यात नाही, अशी माझी खात्री होती.

सुरुवात नाक्यावरच्या दुकानापासून केली. "शेंगदाणा नसलेलं काही गोड आहे का?"

"उपास हाय का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही. मुलीला चालत नाही."

"मंग उपासाचंच घ्या. पोटाला हलकं असतं." असं म्हणून त्याने शेंगदाण्याचा लाडू माझ्या हातावर ठेवला. "आधी चव बघा, मंग बोला."

आता आमच्याकडे दुकानदाराने हातावर ठेवलेला घास परत करणं म्हणजे त्याच्या दुकानाला नावं ठेवणं. शिवाय मी चौकस. खाल्ला. शेंगदाणा भरपूर होता.

जाफराबादेत डाळ शिजेना म्हणून एसटीने जालना गाठलं. तिथल्या पहिल्या मिठाईवाल्याने बर्फी दाखवली.

"यात शेंगदाणा?"

"बिलकुल न्हाई."

"मग वर हे काय लावलंय?"

"कूट हाय ते."

"कशाचं?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "शेंगदाण्याचं."

"म्हणजे शेंगदाणा आहेच की."

"कुठंय? एक तरी दाणा दाखवा बरं मला."

मी वाकून पाहिलं. दाणा खरंच दिसत नव्हता. क्षणभर मला त्याचं पटलंसुद्धा (सरकारी नोकरीत असे मुद्दे रोज ऐकावे लागतात). बर्फी खाल्ली, बोटं चाटली, पुढे निघालो.

पुढच्या दुकानात रंगीत गोळ्यांची पाकिटं होती. मी पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. या कारखान्यात शेंगदाणेही हाताळले जातात, असं लिहिलेलं होतं. दुकानदार चकित झाला. "इतकी वर्षं विकून राह्यलो, पण मागची बाजू वाचणारं गिऱ्हाईक आजच पाह्यलं." या आनंदात त्याने मला गूळदाणी खाऊ घातली.

असं करत करत दुपार झाली. तपासाच्या कामी माझ्या पोटात लाडू, बर्फी, गूळदाणी आणि दोन प्रकारची चिक्की गेली होती. सोनूबाईसाठी मात्र पिशवीत काहीच नव्हतं. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं, "गाव कोणतं?"

"जाफराबाद."

"मंग इथवर कशाला आले? तुमच्या स्टँडमागं हाशिमभाई हायेत की. गाठीवाले. निव्वळ साखरेचं काम."

ज्या दुकानावरून मी रोज तहसीलीत जातो, त्याचा पत्ता मला जालन्यात मिळाला.

संध्याकाळी हाशिमभाईंच्या भट्टीपुढे उभा राहिलो. पाडव्याच्या गाठी मी दरवर्षी त्यांच्याकडूनच नेतो, पण वर्षभर ते काय करतात हे (इतका चौकस असूनही) कधी विचारलं नव्हतं. ते बत्तासे करतात, देवळालाही आणि दर्ग्यालाही.

"शेंगदाणा दुकानात येतच न्हाई, भाऊ," ते म्हणाले. "पांढऱ्या मालात एक तांबडा कण दिसला तरी गिऱ्हाईक परत करतं. म्हणून शेंगदाणा न्हाई, तीळ न्हाई, गूळ न्हाई. अब्बांपासून बराबर असंच चालू हाय. पाकाची मळी काढायला तेवढं दूध टाकतो. पोरीला दूध चालतं ना?"

दिवसभरात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "चालतं."

त्यांनी लाकडी साचे काढले, पाक ओतला, आणि थोड्या वेळाने साच्यांतून पांढरेशुभ्र पोपट बाहेर पडले. ते कोऱ्या डब्यात भरून देताना हाशिमभाईंनी बजावलं, "घरी जाईस्तोवर झाकण उघडू नका."

मी कोपऱ्यापर्यंत उघडलं नाही. कोपऱ्यावर मनात प्रश्न आला, की हे पोपट आतून भरीव असतात की पोकळ. एकदा प्रश्न आला की माझा इलाज नसतो. डब्यात हात घातला, चाचपून चाचपून एक पोपट काढला, त्याची शेपटी मोडली. भरीव होता. मी तो व्यवस्थित परत ठेवला.

घरी सोनूबाईने डबा उघडला. तिचा चेहरा असा फुलला की दिवसभराची पायपीट मी विसरलो. मग ती म्हणाली, "पप्पा, याला शेपूट न्हाई."

"तपासलं मी. आतून भरीव आहे."

"कोणत्या हातानं?"

मी उजवा हात पुढे केला. ती दोन पावलं मागे सरली. "हाताला चिक्कीचा वास येऊन राह्यला."

साधनाने माझी बोटं दिव्याजवळ धरली. नखात बर्फीचं कूट होतं. "आज काय काय खाल्लं?" तिने विचारलं. मी क्रमाने सांगू लागलो, तर गूळदाणीपर्यंत पोचायच्या आतच तिने डब्याचं झाकण लावलं होतं.

सोनूबाई रडली नाही. "मंग पेन्सिलीच नेते," एवढंच म्हणाली. रडली असती तर परवडलं असतं.

मी चपला घालू लागलो, तर साधना म्हणाली, "तुम्ही बसा. साबणानं हात धुवा आणि बसा." मायलेकी हाशिमभाईंकडे निघाल्या. मी हात धुऊन मागोमाग गेलोच. हाशिमभाईंनी सगळं ऐकून घेतलं, भट्टी पुन्हा पेटवली, आणि मग माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही जरा रस्त्याच्या पलीकडं उभे राहा."

नवे पोपट होईपर्यंत मी पलीकडे उभा होतो. स्टँडवर जाणारे ओळखीचे लोक विचारत होते, "साहेब, कोणती गाडी?"

सोमवारी मला वर्गाच्या दारापर्यंत यायची परवानगी मिळाली. डबा साधनाच्या हातात होता. सोनूबाईने सगळ्यांना एकेक पोपट दिला, मग स्वतः एक घेतला आणि सगळ्यांबरोबर कडाड्कन चावला. तिच्या गालात पोपटाचं डोकं फुगलेलं दिसत होतं. मला फार बरं वाटलं, डोळ्यांत पाणीच आलं.

मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, "सोनू, तुला काय काय चालत नाही ते सगळ्यांना सांग बरं. डबा खाताना आम्ही लक्ष ठेवू."

सोनूबाईने आधी घास गिळला. "शेंगदाणे," ती म्हणाली. "शेंगदाण्याचं कूट. शेंगदाण्याचं तेल." मग तिची नजर दाराकडे गेली. "अन् पप्पांचा हात."

मॅडमनी टेबलावरचा डबा हळूच माझ्यापासून लांब सरकवला.